शे का?

धुळ्याहून डिप्लोमा घेऊन आले तेव्हा
माझ्याकडे सगळ्या व्याख्या होत्या, इंग्रजीत, क्रमाने.
झुलाल आप्पांकडे एक शिडी,
हप्त्यावर घेतलेलं फायबर जोडायचं मशीन
आणि केबल टीव्हीच्या काळापासूनची
दोंडाईच्यातली तीनशे ऐंशी घरं.

पहिल्याच दिवशी विचारलं,
आयपी अ‍ॅड्रेस म्हणजे काय, सांग पोरी.
चार आकडे, मधे टिंबं, मी घडाघडा म्हटलं.
आप्पा म्हणाले, भाड्याची खोली ती.
राउटर बंद करून चालू केला की खोली बदलते.
जन्मखूण वेगळी. ती कारखान्यातूनच कोरून येते.
मॅक अ‍ॅड्रेस हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही,
गिऱ्हाइकालाही जन्मखूणच विचारत,
आणि गिऱ्हाईक बिचारं दंड चाचपून बघे.

दुकान मिरची मार्केटसमोर.
राउटरच्या जाळीत लाल धूळ बसते,
मी ती रंगाच्या जुन्या ब्रशने काढते, शिंकत.
पॅकेट त्यांनी तिथंच दाखवलं:
एकाच शेतकऱ्याची चाळीस पोती, तीन टेम्पो,
एक टेम्पो उगाच नंदुरबारवरून.
सतरावं पोतं तिसऱ्याच्या आधी पोचेल.
पोचू दे. नंबर आहे ना त्यावर,
उतरवणारा ओळीने लावील.
एखादं हरवलं तर तेवढंच परत मागायचं,
अख्खी मिरची नाही.

मे महिन्यात एका रात्री माळपूरचा स्विच गप्प.
पिंग केलं. पुन्हा केलं. रिक्वेस्ट टाइम्ड आउट.
म्हटलं, आप्पा, स्विच मेला.
ते चिडलेच.
उत्तर आलं नाही, एवढंच तुला कळलंय.
मेला हे कोणी सांगितलं?

मोटारसायकलवर निघालो,
दोनदा थांबून खांबांवर टॉर्च मारला. तार धड होती.
ग्रामपंचायतीत उखा शिपाई खाटेवर गाढ,
आमच्या प्लगच्या जागी त्याचा कूलर,
आमची वायर खाली, नीट गुंडाळून ठेवलेली.
“गरम व्हई ऱ्हायनं व्हतं,” उखा म्हणाला.
आप्पांनी डिकीतून एक्स्टेन्शन बोर्ड काढला
आणि त्याच्या कूलरचं पाणीही पिऊन बघितलं, म्हणाले, खारं शे.

परतताना मागे न बघता बोलले:
पिंग म्हणजे ‘शे का?’
पलीकडून ‘शे.’ संपलं.
का गेला होतास, पैसे कधी देशील, काही नाही.
इचाराले काय जास?

गोकुळ, माझा भाऊ, उधन्याला साच्यांवर असतो.
माझ्या साखरपुड्याचा शब्द त्याने दिला होता,
तो मी मोडला. दोन वर्षं झाली.
त्या रात्री गच्चीवर पडून मी मार्ग मोजला:
दोंडाईचा, रनाळा, नंदुरबार, नवापूर,
व्यारा, बारडोली, उधना.
प्रत्येक टप्प्यावर पॅकेटचं आयुष्य एकाने घटतं.
शून्य झालं की तिथंच टाकून देतात,
कोणी जाळ्यात कायमचं भटकत राहू नये म्हणून.
परीक्षेत याला दोन मार्क होते.

आधी लांबलचक लिहिलं. पुसलं.
मग दोनच शब्द पाठवले.

सकाळी दुकान उघडलं, धूळ काढली,
स्टेशनरोडच्या एका घराची जन्मखूण वहीत टिपली.
अकराला फोन थरथरला. सुमारे दहा तास.
पुस्तकात याला लेटन्सी म्हणतात.

“शे. कोन शे?”

म्हणजे फोन नवा असेल.
किंवा जुनाच, आणि माझ्या नंबराला नाव उरलं नसेल.
आकड्यांची नावांशी गाठ घालणारा सर्व्हर असतो,
त्याची व्याख्या मला झोपेतही येते.

शिडीवरून आप्पा ओरडतात, लाइन उनी का?
थांबा, म्हणते.
नाव टाइप करते आहे.